भिंतीपलीकडचा नळ

४ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. हा आईने लिहायला लावला म्हणून आहे. ती समोर कॉटवर बसली आहे आणि लिहिताना माझे ओठ हलतात त्यावरून मी काय लिहितो ते ओळखते.

रविवारी तू फोनवर तिला म्हणालास, "त्याचं काही म्हणणं असेल तर लिहून पाठव म्हणावं. फोनवर त्याची किरकिर नको." म्हणून लिहून पाठवतो. ऱ्हस्व-दीर्घ तपासले आहेत.

आईचा टायफॉइड उतरला. अजून चालताना मध्ये थांबते, पण तोंडाला चव आली आहे, म्हणजे मला बोलणी बसू लागली आहेत. डॉक्टरीणबाईंनी बजावले आहे की पिण्याच्या पाण्याची सोय करा. असाच ताप पुन्हा आला तर तिला झेपणार नाही. हे तिने तुला सांगितले तर तू लगेच म्हणालास, "महिनाअखेरीला येतो. तोवर पाण्याचं नीट दिसलं नाही तर तुला घेऊन जातो." 'घेऊन जातो' हे तू शेजारची शिडी नेल्यासारखे म्हणालास.

मला सगळे कळते, दादा. तुमच्याकडे धाकट्या लेकीला सांभाळायला बाई टिकत नाही, हे कळते. ही खोली आईच्या नावावर आहे आणि तुझ्या बंद स्वयंपाकघराला लागून आहे, हेही कळते. आई गेली की माझ्या हातात ब्रशचा डबा आणि एक वळकटी राहील.

बाबांच्या मागे वाटणी झाली तेव्हा तू म्हणालास, आई माझ्याकडे राहणार, म्हणून स्वयंपाकघर माझे. आई तुझ्याकडे राहिली नाही. स्वयंपाकघर मात्र तुझेच राहिले आणि तू त्याचे गोदाम केलेस. मध्ये भिंत आली, नळ पलीकडे गेला. दुसरा नळ घ्यायला तुझी सही लागते, ती तू देत नाहीस. भिंतीला भोक पाडून एक नळी इकडे घेऊ का, असे मी विचारले तेव्हा तू बोट रोखून जे म्हणालास ते मला पाठ आहे. "त्या नळाचं बघायला मी आहे. तुम्ही त्यात पडायचं नाही. कळलं?"

कळले.

तेव्हा मी तुझ्याकडे काही मागत नाही. नळ न लागणारा, टेबलावर बसणारा फिल्टर मी स्वतः निवडून आणणार आहे. तू येशील तेव्हा आई याच घरात, याच कॉटवर बसून तुझ्यासमोर पाणी पिईल. एवढेच मला बघायचे आहे.

जाता जाता एक. गेल्या आठवड्यात एका दुपारी तू मागच्या बोळातून येऊन माल ठेवून गेलास. त्यानंतर रोज सकाळी नळाला पाणी यायच्या वेळी भिंतीपलीकडून आवाज येतो. मोरीत धार पडते तसा. तुझी खोकी तिथे आहेत म्हणून कळवले.

तुझा धाकटा भाऊ


११ फेब्रुवारी

दादा,

तू आईला फोनवर म्हणालास, "केवढं लांबलचक लिहितो तो! वरच्या चार ओळी वाचतो मी. त्यात काम असेल तर बघतो. पुढचं वाचायला मी काही रिकामा नाही." फोन स्पीकरवर होता. आईने माझ्याकडे पाहिले आणि स्पीकर बंद केला, पण ऐकायचे ते मी ऐकले होते.

तर चार ओळी संपल्या. आता निवांत लिहितो.

तुझ्या दुकानाचा टायवाला माणूस पाणी शुद्ध करायचे मशीन घेऊन आला होता. दारातच म्हणाला, "साहेबांनी खास आईंसाठी पाठवलंय. एकदम वरचं मॉडेल." खोके उघडले, मशीन भिंतीवर धरून पाहिले, पेन्सिलने दोन खुणा केल्या, ड्रिल बाहेर काढले आणि मग इकडेतिकडे बघत विचारले, "नळ कुठाय?"

"भिंतीपलीकडे," मी म्हणालो.

"मग पलीकडे बसवू."

"पलीकडे तुमच्या साहेबांचं कुलूप आहे."

"चावी?"

"तुमच्या साहेबांकडे."

त्याने ड्रिल खाली ठेवले. "म्हणजे मशीन नळावर चालणारं... आणि नळ साहेबांकडे."

"लहानपणापासून तसाच आहे तो," आई म्हणाली. "धाकट्याला पतंग द्यायचा आणि मांजा स्वतःकडे ठेवायचा. पाणी देऊ का तुला? आमच्याकडचं आहे, उकळलेलं."

तो पाणी नको म्हणाला. मग मात्र त्याने तू दिलेले दुसरे काम काढले. पिशवीतून ते सळ्यांचे यंत्र काढले, एका ग्लासात आमचे पाणी घेतले, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतले, सळ्या बुडवून बटण दाबले. आमचा ग्लास तपकिरी झाला, वर गाळ तरंगू लागला. त्याचा ग्लास काचेसारखा. आई पदर तोंडाला लावून बघत राहिली.

"हे पिताय तुम्ही," टायवाला म्हणाला. "साहेब म्हणतात, आईंना अशा ठिकाणी ठेवणं बरं नाही."

आईचा चेहरा उतरला, दादा. तिला वाटले, तो गाळ तिच्या पोटात आहे.

नववीत मला शाळेतून काढून तू पिशवी धरायला बरोबर घेतलेस, त्या पिशवीत हेच यंत्र असायचे. तुला आठवत असेल. एका घरी मी खारे दाणे खाल्लेला हात तुझ्या शुद्ध पाण्याच्या ग्लासात बुडवला आणि सळ्या घातल्यावर तुझाच ग्लास सगळ्यात आधी तपकिरी झाला. जिन्यात आल्यावर तू माझ्या कानाखाली वाजवलीस. मार विसरलो, मीठ विसरलो नाही.

मी डब्यातून चिमूटभर मीठ घेतले आणि त्याच्या काचेसारख्या ग्लासात टाकले. "आता परत लावा."

"मीठ टाकल्यावर काय..."

"लावा ना. वरचं मॉडेल आहे."

लावले. त्याचा ग्लास आमच्यापेक्षा गढूळ झाला. आईने दोन्ही ग्लास जवळ घेऊन पाहिले. "म्हणजे ही घाण सळ्यांची?"

"सळ्यांचीच," मी म्हणालो. "पाण्यात क्षार असले की सळी झिजते. तेवढाच हा खेळ."

"अरे, मग माझ्या पोटात काही नाही!" ती म्हणाली आणि इतकी हसली की तिला खोकला आला. टायवाल्याने टाय सैल केला आणि मग पाणी मागितले. तेच, उकळलेले. त्याच्यावर रागावू नकोस. मशीन तो परत घेऊन गेला आहे. पेन्सिलच्या खुणा राहिल्या आहेत, त्या मी पुसणार नाही.

आवाजाचे: अजून येतो. दुपारी नळाला पाणी नसते. अशा वेळी पाणी आहे का म्हणून नळाची चावी फिरवून बघायची आणि तशीच सोडून निघायचे, ही तुझी खोड बाबांना माहीत होती. त्यातून त्या जुन्या नळाची चावी झिजलेली, दोन्हीकडे सारखीच फिरते. पाणी असल्याशिवाय उघडा की बंद, काही कळत नाही. तुझ्याही लक्षात आले नसेल. हे मी पान तिसऱ्यावर लिहीत आहे.

तुझा धाकटा भाऊ


१८ फेब्रुवारी

दादा,

सोमवारी तू काचेतून मला पाहिलेस. मी मुद्दाम तुझ्या दुकानाच्या पाटीखाली उभा राहिलो. पाटी मीच रंगवलेली आहे, अजून एक अक्षर उडालेले नाही. मग तुझ्या डोळ्यांदेखत रस्ता ओलांडून समोरच्या फिल्टरच्या दुकानात गेलो.

तिथल्या चष्मेवाल्या बाईंनी मला आधी बसायला सांगितले. तुझ्याकडे गिऱ्हाइकाला उभे ठेवतात, म्हणजे लवकर हो म्हणते.

"नळ आहे?"

"नाही."

"वीज?"

"आहे. सकाळी बऱ्याचदा नसते."

"पाणी कुठून आणता?"

"कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळावरून, कळशीने. तुम्ही सांगितलं होतं म्हणून बाटलीत आणलंय थोडं." आदल्या दिवशी मी त्यांना दुकानाच्या पाटीवरच्या नंबरवर फोन केला होता. फोन करण्याआधी काय बोलायचे ते कागदावर लिहून घेतले होते.

त्यांनी मीटर बुडवला. "क्षार फार नाहीत. आरओची गरज नाही. मीटर जंतू दाखवत नाही हं, नाहीतर तुम्हाला वाटेल पाणी चांगलंच आहे. जंतूंसाठी वेगळी सोय लागेल."

मग त्यांनी एकेक काढून दाखवले. मी घरी येऊन सगळे पुन्हा आठवले आणि आईला सांगितले, कारण मला रात्री हेच दिसत होते. टेबलावर बसणारे आरओ असते, टाकी हाताने भरायची, नळ नको. पण ते कळशीतले कितीतरी पाणी बाहेर टाकून देते. रांगेत उभे राहून आणलेले पाणी फेकून द्यायला माझा हात होणार नाही. जगसारखे एक भांडे असते, दिसायला सुंदर, पण ते चवीपुरते. टायफॉइडच्या घरात त्याचा उपयोग नाही. दिव्याने जंतू मारणारे असते, पण दिवा सकाळी लागायला हवा ना. राहिला तो दोन मजली फिल्टर. वरच्या भांड्यात पाणी ओतायचे, मध्ये बारीक छिद्रांची जाळी-नळी, ती जंतूंना अडवते, आणि पाणी आपल्या वजनाने खाली उतरते. नळ नाही, वीज नाही, फेकणे नाही.

"हाच द्या," मी म्हणालो.

"थांबा," बाई म्हणाल्या. "वरचं भांडं भरणार कोण?"

मी दिवसभर पाट्या रंगवायला बाहेर असतो.

"आई भरणार ना? आजारातून उठल्यात. आधी त्यांचा हात भरलेलं भांडं घेऊन किती वर जातो, ते बघून या. मग उंची ठरवू. बायकांच्या खांद्याचा विचार कोणी करत नाही, आणि मग तो फिल्टर शोभेला राहतो."

तू इतकी वर्षे हा धंदा करतोस, दादा. कधी विचारलेस कुणाला?

घरी येऊन मी आईला तांब्या भरून दिला आणि भिंतीजवळ उभी केली. तुझ्या माणसाच्या पेन्सिलच्या खुणांशेजारी मी माझी खूण केली. तुझ्या खुणा तिच्या डोक्याच्या वर आहेत. माझी छातीजवळ.

खूण करताना भिंत हाताला गार लागली. पोपडे आले आहेत. आई म्हणाली, "ही भिंत कशी घामाघूम झालीय रे? आपण तर काही काम लावलं नाही तिला." मी म्हणालो, हवा.

तुझ्या माहितीसाठी: तुमचे स्वयंपाकघर बंद केले तेव्हा उंदीर येऊ नयेत म्हणून वहिनीने मोरीच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबला होता. आणि रस्त्याचे पाणी आत येऊ नये म्हणून मागच्या दाराचा उंबरा तूच उंच करून घेतला होतास. त्यामुळे आत काही साठले तर ते उंबऱ्याइतके होईपर्यंत बाहेर दिसणार नाही. पान चौथे.

तुझा धाकटा भाऊ


२५ फेब्रुवारी

दादा,

फिल्टर आला. स्टीलचा. मला खालचे भांडे पारदर्शक हवे होते, किती पाणी उरले ते दिसावे म्हणून. आई म्हणाली, "पाण्याकडे काय बघत बसायचंय? वाजवून कळतं." ती टिचकी मारून बरोबर सांगते कुठवर भरले आहे.

जुने टेबल मी पाय कापून बुटके केले. तरी एक पाय डगमगत होता, त्याखाली पाटीच्या पत्र्याचा तुकडा सारला. पहिली दोन भांडी धुण्यात गेली, ती तिने कुंडीला घातली. मग तिने स्वतः भरले, तांब्या तांब्याने, खांदा न उचलता. पाणी सावकाश उतरते. टप, टप. जेवण होईपर्यंत एक तांब्या झाले. तिने ग्लास उजेडात धरला, प्यायली, आणि म्हणाली, "कसलीच चव नाही. बरं आहे."

मला भीती वाटत होती की तू येऊन काहीतरी खोट काढशील. म्हणून मी पाणी तपासायलाही दिले होते. चांगले निघाले. आता मला कशाचीच भीती नाही, आणि हे मी पहिल्यांदाच लिहितो आहे.

आईची कॉट मी खिडकीकडे सरकवली. भिंतीचा गिलावा तिच्या उशीवर पडायला लागला होता. माझ्या ब्रशच्या कपाटाला खालून बुरशी आली, दोन चांगले ब्रश गेले. जाऊ देत.

रविवारी तू सकाळीच फोन केलास. नळाची वेळ. भिंतीपलीकडे धार चालू होती, आणि आता ती मोरीत पडल्यासारखी नाही, पाण्यात पाणी पडल्यासारखी वाजते. मी ब्रश धूत होतो, हात तसाच राहिला. तू विचारलेस, "कसला आवाज येतोय गं? पाणी आलंय का?"

आई म्हणाली, "हो. चालू आहे."

"भर मग, भर. ठेवतो."

तिने फोन ठेवला, माझ्याकडे पाहिले नाही, आणि भिंतीवरून हात फिरवून तो पदराला पुसला. मला इतके दिवस वाटत होते, तिला कमी ऐकू येते.

पलीकडच्या पाण्याबद्दल हे चौथ्यांदा कळवतो आहे.

तुझा धाकटा भाऊ


२ मार्च

दादा,

काल काय झाले ते तुला माहीत आहे. तरी लिहितो, कारण तुझ्या तोंडून गोष्ट बाहेर पडली की तिच्यात मी नेहमी मूर्ख असतो.

तू दुपारी आलास. आधी मागे गेलास, गाडीत माल होता म्हणून. कुलूप उघडल्याचा आवाज आला, मग काहीच नाही, मग तुझी हाक. माझ्या नावाने नव्हती. नुसतीच हाक.

आम्ही बोळातून आलो. तू पँट वर न करताच आत उतरला होतास, घोट्याच्या वर पाणी. खालची खोकी भिजून बसली होती, वरची त्यांच्यावर कलंडली होती. त्यांच्यावर छापलेला निळा थेंब तेवढा हसत होता. एक टाकी तरंगत दारापर्यंत आली आणि उंबऱ्याला थटून परत फिरली. पाणी शुद्ध करायची इतकी यंत्रे मी एका वेळी पाण्यात कधी पाहिली नव्हती. मला हसू आले नाही. मी ते येऊ दिले नाही.

"तुला ऐकू येत नव्हतं?" तू ओरडलास. "एका भिंतीचं अंतर आहे! कळवता आलं नाही तुला?"

"कळवलं."

"कधी?"

"चार वेळा. लिहून."

तू गाडीकडे गेलास. माझी पत्रे गाडीच्या खणात होती, पाकिटे फोडलेली, आतले कागद एकदाच उलगडलेले. तू ओल्या मोज्यांनी बोळात उभा राहून वाचलेस. पहिले, मग दुसरे. पान तिसऱ्यावर आलास तेव्हा तुझेही ओठ हलत होते. माझ्यासारखेच. नववीपासून आजवर मी लिहिलेले काही तू शेवटपर्यंत वाचलेस ते हे पहिलेच, आणि ते बघायला मी समोर होतो. त्यासाठी दोन ब्रश आणि अर्ध्या भिंतीचा गिलावा गेला. माझी तक्रार नाही.

मग तू आईकडे वळलास. "तुझी कॉट तर भिंतीलाच होती. तुला तरी ऐकू आलं असेल!"

"यायचं की. रोज सकाळी."

"मग बोलली का नाहीस? फोनवर तरी?"

"मी कोण बोलणारी?" आई म्हणाली. "नळ तुझा, पाणी तुझं. त्यात पडायचं नाही, असं तूच सांगितलं होतंस. पोरं सांगतात तसं वागावं लागतं या वयात."

तू हातातले कागद खिशात कोंबलेस.

"आत ये," ती म्हणाली. "उन्हातनं आलायस. पाणी पी."

तू बुटक्या टेबलासमोर उभा राहून एक ग्लास प्यायलास. दुसरा मागितलास. धंद्याची सवय जात नाही, ग्लास खाली ठेवता ठेवता विचारलेस, "कुठलं आहे?"

"तुझ्या समोरच्या दुकानातलं," मी म्हणालो.

तू वळून आईला म्हणालास, "चल, बॅग भर. असल्या ओलीत राहायचं नाही."

"ओल तुझ्याकडून आलीय रे बाबा. तुझ्याकडे आल्यावर कमी होईल का?" ती कॉटवर बसली, खिडकीजवळ, मी लिहिले होते तशीच. हातात ग्लास होता. "पाण्याची सोय बघायला आला होतास ना? बघितलीस. दोन ग्लास प्यायलास. आता जा. धाकटीला घेऊन ये कधीतरी. तिलाही इथलं पाणी बाधणार नाही."

आणि तिने ग्लासातले उरलेले पाणी तुझ्या डोळ्यांत बघत संपवले. मला एवढेच बघायचे होते, हे मी पहिल्या पत्रात लिहिले होते. आता ते पत्र तू वाचले आहेस.

भिजलेल्या मालाचे तू मला काय काय म्हणालास ते लिहीत नाही. लिहायला अवघड शब्द नव्हते.

एक मात्र राहिले. यापुढे माझी पत्रे तू शेवटपर्यंत वाचशील याची मला खात्री आहे, म्हणून ते शेवटी लिहितो.

निघण्याआधी तू पुन्हा मागच्या दाराने आत गेलास. दुपारच होती; नळ कोरडा. नळाची चावी फिरल्याचा आवाज भिंतीतून आला. एकदा, आणि थोड्या वेळाने परत एकदा. रागात होतास. ती चावी दोन्हीकडे सारखीच फिरते, हे तुला आता माहीत आहे. उघडा होता तो बंद केलास, की बंद करून पुन्हा उघडलास, हे आवाजावरून ओळखता येत नाही. मोरीतला बोळा काढलास का, तेही मला दिसले नाही. वरच्या रांगेतली जी खोकी वाचली ती तू तिथेच ठेवून कुलूप लावलेस.

हे पत्र मी उद्या सकाळी टाकणार आहे. तुला मिळेपर्यंत नळाला दोन-तीनदा पाणी येऊन गेलेले असेल. मी रोज भिंतीला कान लावीन. आईही लावील. जे ऐकू येईल ते यापुढे कळवणार नाही.

त्या नळाचे बघायला तू आहेस.

तुझा धाकटा भाऊ